गोठ्यातले श्रम, दप्तरातले नाव : दुग्धव्यवसायातील स्त्रियांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे आणि २०२३-२४ या वर्षात देशातील दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टनांवर पोहोचले. हे दूध मोठ्या यांत्रिक गोठ्यांतून फार थोडे येते. त्याचा मोठा हिस्सा दोन-चार दुभती जनावरे सांभाळणाऱ्या असंख्य कुटुंबांकडून गोळा होतो आणि अशा कुटुंबांत वैरण-पाणी, शेण काढणे, धार काढणे, वासरांचे संगोपन आणि आजारी जनावराची देखभाल ही कामे बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात. मात्र दुग्धव्यवसायाचे धोरण, कर्ज, दर आणि निवडणूक यांची चर्चा निघाली की समोर येणारी नावे प्रामुख्याने पुरुषांची असतात. या विसंगतीचे समर्थन करण्यासाठी जे समज वर्षानुवर्षे सांगितले जातात, त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे : काम कोण करते आणि त्या कामाचा धनी म्हणून कोणाची नोंद होते, या दोन प्रश्नांची गल्लत. ही गल्लत दूर केल्याशिवाय स्त्रियांच्या नेतृत्वाविषयीचा कोणताही विचार पुढे जाऊ शकत नाही.

समज : स्त्रिया दुग्धव्यवसायात मदत करतात, व्यवसाय पुरुष करतात

‘मदत’ या शब्दाला सरकारी आकडेवारीतही जागा आहे. श्रमविषयक पाहण्यांमध्ये स्वयंरोजगाराचा एक पोटवर्ग ‘घरच्या उद्योगातील साहाय्यक’ असा असतो; म्हणजे कुटुंबाच्या शेतीत किंवा व्यवसायात नियमित काम करणारी, परंतु त्यासाठी मजुरी न मिळणारी आणि त्या व्यवसायाची चालक न मानली जाणारी व्यक्ती. पहाटे चार-साडेचारला उठून धार काढणारी, दिवसभर वैरणीची व्यवस्था पाहणारी आणि संध्याकाळी पुन्हा धारेला बसणारी स्त्री या वर्गात मोडते, तर केवळ केंद्रावर दूध पोहोचवणारा आणि बिल घेऊन येणारा पुरुष चालक ठरतो. अनेकदा नोंदीचा हा फरक पाहणी करणाऱ्याच्या दोषामुळे पडत नाही. प्रश्नाला उत्तर देणारे कुटुंबच तसे सांगते.

वेळेचा हिशेब वेगळेच चित्र दाखवतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातील बिनमोबदल्याच्या कामांत सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर अशा कामांत सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे. गोठ्यातले काम या पाच तासांच्या वर येते आणि स्वयंपाक, पाणी, मुले यांच्या मधल्या फटींत बसवले जाते. त्यामुळे ते काम मोजायला अवघड जाते, हे खरे. पण मोजायला अवघड म्हणजे किरकोळ, हा निष्कर्ष चुकीचा आहे. संकरित दुभती गाय दिवसाला साठ लिटरपेक्षा अधिक पाणी पिऊ शकते. चार गाईंचे पाणी डोक्यावरून किंवा हातपंपावरून आणणे याला ‘मदत’ म्हणणे हे भाषेचे औदार्य नसून हिशेबातली चूक आहे.

समज : आधुनिक गोठा म्हणजे यंत्रे, आणि यंत्रे आली की स्त्रियांचे स्थान आपोआप कमी होते

या समजाकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण त्यात एक अर्धसत्य दडलेले आहे. अर्धसत्य असे की जनावरांची संख्या वाढली, बँकेचे मोठे कर्ज झाले, दूध काढण्याचे यंत्र आले आणि घाऊक खाद्यखरेदी सुरू झाली की व्यवहार पुरुषांच्या हाती सरकण्याची शक्यता वाढते. परंतु हे यंत्राच्या स्वभावामुळे घडत नाही. बाहेरच्या व्यवहारातील प्रत्येक कागद पुरुषाच्या नावाने तयार होतो, म्हणून घडते. यंत्राने जे काम कमी होते ते मुख्यतः अंगमेहनतीचे असते आणि ती मेहनत स्त्रियांचीच होती. कडबाकुट्टीने वैरण तोडण्याचे श्रम वाचतात आणि जनावर निवडून टाकते ती नासाडीही घटते. मुक्त संचार गोठ्यात, म्हणजे जनावरांना दावणीला न बांधता कुंपणाच्या आत मोकळे ठेवून पाणी आणि वैरण सतत समोर ठेवण्याच्या पद्धतीत, दिवसातून अनेकदा पाणी दाखवणे, जनावर सोडणे-बांधणे आणि शेण काढणे यांचा मोठा भाग कमी होतो. मुरघास, म्हणजे दाण्यात चीक भरू लागलेल्या अवस्थेतील मका कापून, कुट्टी करून, हवा न शिरू देता दाबून आंबवलेला चारा, एकदा तयार केला की रोज रानात जाऊन ओला चारा कापून आणण्याची गरज कित्येक महिने राहत नाही.

अंगमेहनत कमी झाल्यावर गोठ्यात जे उरते ते निरीक्षण, नोंद आणि वेळेवर घेतलेला निर्णय. आधुनिक दुग्धव्यवसायाचा नफा-तोटा याच तीन गोष्टींवर ठरतो. गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे गर्भधारणेस तयार होते, आणि हा काळ काही तासांचाच असतो. अस्वस्थता, वारंवार हंबरणे, दुसऱ्या जनावरावर उडणे किंवा त्याला स्वतःवर उडू देणे, काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव, दुधात अचानक आलेली घट ही त्याची लक्षणे ओळखता आली तर कृत्रिम रेतन योग्य वेळी होते. सर्वसाधारण संकेत असा की सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. माज हुकला तर पुढील २१ दिवसांचे खाद्य गाभण न राहिलेल्या जनावरावर खर्च होते, आणि दूध उत्पादनाच्या खर्चात खाद्य-वैरणीचा वाटा साठ ते सत्तर टक्क्यांच्या घरात जातो, हे ध्यानात घेतले तर एका हुकलेल्या माजाची किंमत समजते. म्हशींमध्ये ही लक्षणे फार मंद असतात, त्याला ‘मुका माज’ म्हणतात, आणि तो ओळखण्यासाठी त्याच जनावराशी रोजचा संबंध असणारे डोळे लागतात. हे डोळे बहुतेक घरांत स्त्रीचे असतात. पशुधन अधिकाऱ्याला फोन कोणी करायचा, कोणत्या वळूची रेतमात्रा मागायची, रेतनाचा दिवस कुठे लिहायचा हे निर्णय मात्र तिने घ्यावेत अशी व्यवस्था क्वचित असते. ज्ञान एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे, अशी ही फाळणी गोठ्याच्याच मुळावर येते.

हीच गोष्ट कासदाहाची. गावात ‘दगडी’ म्हणून ओळखला जाणारा हा कासेचा आजार उघड दिसू लागतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. त्याआधीचा सुप्त कासदाह, ज्यात कास आणि दूध दोन्ही वरवर नेहमीसारखे दिसतात पण उत्पादन घटत जाते, तो साध्या तपासणीने ओळखता येतो. दुधाच्या पहिल्या चार धारा वेगळ्या भांड्यात काढून पाहणे, धार संपल्यावर सड जंतुनाशक द्रावणात बुडवणे, आणि सडाचे छिद्र बंद होईपर्यंत जनावर खाली बसू नये म्हणून धारेनंतर लगेच त्याच्यापुढे वैरण टाकणे, हे उपाय स्वस्त आहेत. त्यांसाठी सातत्य लागते, आणि सातत्य हा या व्यवसायातला सर्वांत दुर्मीळ गुण आहे.

येथेच एका दुर्लक्षित धोक्याचाही उल्लेख करणे भाग आहे. घरचे काम म्हणजे सुरक्षित काम, असे मानले जाते. परंतु ब्रुसेलोसिस हा जनावरांत गर्भपात घडवणारा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो आणि गर्भपात झालेल्या जनावराची वार किंवा मृत वासरू उघड्या हाताने उचलणारी व्यक्ती त्याला प्रथम बळी पडू शकते. वारंवार येणारा ताप, सांधेदुखी, थकवा ही त्याची लक्षणे इतर आजारांसारखीच असल्याने निदान लांबते. प्रतिबंधक लस चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना एकदाच द्यावी लागते, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर या आजाराचाही समावेश आहे. प्रसूतीच्या वेळी हातमोजे वापरणे आणि कच्चे दूध न पिणे या सूचना पुरुषांच्या सभेत सांगितल्या जातात; जिच्या हातांना धोका आहे ती त्या सभेत नसते.

समज : पशुवैद्यक आणि कृत्रिम रेतन ही स्त्रियांची क्षेत्रे नाहीत

सक्कुबाई रामचंद्रन यांनी १९५२ मध्ये मद्रासच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि त्या भारतातील आरंभीच्या स्त्री पशुवैद्यकांपैकी एक ठरल्या. पशुवैद्यकाचेच शिक्षण घेतलेल्या अमृता पटेल यांनी वर्गीज कुरियन यांच्यानंतर, १९९८ ते २०१४ या काळात, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले. म्हणजे देशाच्या सहकारी दुग्धव्यवसायाची सर्वोच्च धुरा दीड दशकाहून अधिक काळ एका स्त्रीकडे होती. केरळमध्ये सोसम्मा आयप यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १९८९ पासून वेचूर या लहान चणीच्या, नामशेष होण्याच्या बेतात असलेल्या गाईचे संवर्धन केले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही नावे अपवाद म्हणून सांगितली जातात, परंतु आज पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गांत मुलींची उपस्थिती पाहता अपवादाचा युक्तिवाद टिकत नाही. गावपातळीवर ‘पशुसखी’ ही स्वयंसाहाय्यता गटांतून पुढे आलेली, प्रथमोपचार, लसीकरणासाठीचे साहाय्य आणि पशुपालकांना सल्ला यांचे प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. २०२२ पासून केंद्राच्या ‘ए-हेल्प’ उपक्रमाने अशा स्त्रियांना पशुसंवर्धन विभाग आणि पशुपालक यांच्यातील अधिकृत दुवा मानण्यास सुरुवात केली. पशुसखीचे मानधन आणि तिच्या कामाची कायमस्वरूपी मान्यता हा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि तो सुटल्याशिवाय या कामाला खऱ्या अर्थाने कारकीर्द म्हणता येणार नाही.

समज : जमीन नाही म्हणून भांडवल नाही, भांडवल नाही म्हणून व्यवसाय नाही

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के आणि त्यांच्याकडील क्षेत्राचे प्रमाण त्याहूनही कमी होते. सातबारावर नाव नसणे हा शेतीकर्जातला मोठा अडथळा आहे, यात शंका नाही. दुग्धव्यवसायाची स्थिती थोडी वेगळी आहे, कारण येथे उत्पादनाचे मुख्य साधन जनावर आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ मध्ये पशुपालकांसाठी खुली करण्यात आली. दोन लाख रुपयांपर्यंतच्या खेळत्या भांडवलावर वेळेत परतफेड केल्यास व्याज सवलतीनंतर प्रत्यक्ष चार टक्के पडते आणि १ जानेवारी २०२५ पासून विनातारण कर्जाची मर्यादाही दोन लाख रुपये झाली. हे कार्ड भाड्याच्या किंवा सामायिक गोठ्यात जनावरे पाळणाऱ्यांनाही मिळू शकते. अर्थात खेळते भांडवल म्हणजे खाद्य, औषधे, मजुरी यांचा खर्च. जनावर विकत घेण्यासाठीचे मुदत कर्ज ही वेगळी बाब आहे, आणि दोहोंची गल्लत झाल्याने अर्ज फेटाळले जातात.

समज : स्त्रियांच्या दूध संस्था म्हणजे अनुदानावर चालणारे कल्याणकारी उपक्रम

खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी १९४६ मध्ये झाली, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले आणि ‘ऑपरेशन फ्लड’ हा देशव्यापी दुग्धविकास कार्यक्रम १९७० ते १९९६ असा चालला. या संपूर्ण रचनेत सभासदत्व कुटुंबाला म्हणून दिले गेले आणि कुटुंबाचा प्रतिनिधी म्हणजे पुरुष, हे गृहीत धरले गेले. ही चूक लक्षात आल्यावर १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्टेप’ या स्त्रियांसाठीच्या प्रशिक्षण व रोजगार कार्यक्रमात दुग्धव्यवसायाला मोठे स्थान मिळाले आणि अनेक राज्यांत केवळ स्त्री सभासद असलेल्या गावसंस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या महिला दूध संस्था या परंपरेतील आहेत. आज देशभरच्या दूध सहकारी संस्थांच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण ढोबळमानाने एक तृतीयांश आहे.

अनुदानाच्या आरोपाचे सर्वांत ठोस उत्तर तेलंगणातील मुलुकनूर येथे आहे. तेथे आधी स्त्रियांच्या बचत संस्था रुजल्या, मग तत्कालीन आंध्र प्रदेशाच्या १९९५ च्या परस्पर साहाय्यित सहकारी संस्था अधिनियमाखाली स्त्रियांच्या दूध संस्थांचा संघ नोंदवला गेला आणि २००० मध्ये त्याची स्वतःची डेअरी सुरू झाली. या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की अशा संस्थेत सरकारचे भागभांडवल नसते आणि म्हणून सरकारनियुक्त संचालकही नसतो. दुधाचा दर, कर्मचारी, गुणवत्ता आणि वाहतूक यांचे निर्णय गावांतून निवडून आलेल्या स्त्रिया घेतात. पहिले भांडवल बचतीतून आले म्हणून पैशाचा हिशेब मागण्याची सवय डेअरी उभी राहण्याआधीच लागलेली होती, आणि या क्रमातच त्या यशाचे स्पष्टीकरण आहे.

दुसरी रचना उत्पादक कंपनीची. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनुसार २००२ मध्ये कंपनी कायद्यात अशी तरतूद झाली की शेतमाल किंवा दूध उत्पादकांनाच भागधारक होता यावे आणि वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत प्रत्येकाला, भाग कितीही असोत, एकच मत असावे. या तरतुदीखाली २०१४ मध्ये आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात स्थापन झालेली श्रीजा महिला दूध उत्पादक कंपनी पूर्णतः स्त्रियांच्या मालकीची असून तिची सभासदसंख्या एक लाखाच्या वर गेली आहे. राजस्थानातील पाली येथील आशा आणि बुंदेलखंडातील बलिनी या कंपन्या त्याच वाटेने आल्या. या कंपन्यांत दुधाचे पैसे थेट सभासद स्त्रीच्या बँक खात्यात जमा होतात. बिल कोणाच्या खात्यात जाते यावर घरातील वाटाघाटींचे स्वरूप बदलते, हे या व्यवस्थेमागचे साधे आणि पक्के गृहीतक आहे.

महाराष्ट्रात दुधाचा मोठा हिस्सा खाजगी डेअऱ्या गोळा करतात, आणि हे वास्तव या चर्चेत बहुधा गाळले जाते. खाजगी डेअरीला दूध घालणारी स्त्री पुरवठादार असते, सभासद नसते; तिला दर मिळतो, कदाचित वेळेवरही मिळतो, परंतु मत मिळत नाही. नेतृत्वाची वाट मतापासून सुरू होत असल्याने अशा गावांत स्त्रियांच्या नेतृत्वाचे प्रशिक्षण कितीही झाले तरी ते वापरण्यासाठी संस्थाच उपलब्ध नसते.

समज : संचालक मंडळात दोन राखीव जागा आहेत, म्हणजे प्रश्न संपला

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला १९६० चा सहकारी संस्था अधिनियम दुरुस्त केला आणि व्यवस्थापक समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखून ठेवल्या. ही तरतूद आवश्यक होती. परंतु समितीची कमाल संख्या २१ असू शकते आणि त्या स्थितीत दोन जागा म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय या जागांवर येणाऱ्या स्त्रीने स्वतः दूध घातलेले असावे, हिशेब वाचलेला असावा, याची खात्री आरक्षण देत नाही. त्याच दुरुस्तीने आणलेली ‘क्रियाशील सभासद’ ही संकल्पना अधिक परिणामकारक ठरू शकते : पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहणे आणि उपविधींत ठरवलेल्या किमान प्रमाणात संस्थेच्या सेवा वापरणे, ही तिची त्या वेळची अट. ज्या घरात सभासदत्व पुरुषाच्या नावावर आहे त्या घरातील स्त्री रोज दोन वेळा दूध काढूनही क्रियाशील ठरत नाही, कारण ती मुळात सभासदच नाही. तिच्या नावाने भाग घेतला गेला आणि दूध तिच्या खाते क्रमांकावर जमा होऊ लागले, तरच सभेची सूचना तिच्या नावाने निघते.

केंद्रावरची पावती हेही नेतृत्वाचेच साधन आहे. दुधाचा दर स्निग्धांश, म्हणजे फॅट, आणि स्निग्धांशाव्यतिरिक्त घन पदार्थ, म्हणजे एसएनएफ, यांवर ठरतो. गाईच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५, म्हशीच्या दुधासाठी ६ आणि ९ या प्रमाणांना आधार धरून दर जाहीर होतात आणि त्याखाली गेल्यास कपात होते. सकाळ-संध्याकाळच्या पावत्या जपून ठेवणारी स्त्री एसएनएफ सतत का घसरते आहे हे विचारू शकते आणि उत्तर खाद्यात आहे की मोजमापात, याचा शोध लावू शकते. सर्वसाधारण सभेत उभे राहून बोलण्याचे बळ बऱ्याचदा अशा एका ठोस प्रश्नातून येते.

याच संदर्भात कानातील पिवळ्या बिल्ल्याचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे. बारा अंकी क्रमांकाच्या या बिल्ल्यासोबत जनावराची नोंद होते तेव्हा मालकाचे नावही नोंदले जाते, आणि लसीकरण, रेतन, विमा व अनेक योजनांचे लाभ त्याच नोंदीशी जोडलेले असतात. विमा उतरवलेले जनावर दगावले तर भरपाईचा दावा नोंदीतील मालकाचा असतो. बिल्ला मारताना ‘मालक कोण’ हा प्रश्न दारात उभ्या असलेल्या पुरुषाला विचारला जातो आणि काही सेकंदांत उत्तर लिहिले जाते. कर्ज, सभासदत्व किंवा निवडणूक यांच्या तुलनेत ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत कमी विरोधाची जागा आहे, जिथे स्त्रीचे नाव पहिल्यांदा दप्तरात येऊ शकते. पशुसंवर्धन विभागाचे कर्मचारी आणि पशुसखी यांनी बिल्ला मारताना जनावराची रोजची देखभाल कोण करते हे आधी विचारावे, एवढा बदल विनाखर्च होण्यासारखा आहे.